नानाच्या वावरातली पाभर

सूर्यभानआप्पाची बैलजोडी आमच्या बांधावर चढली तवा दिस कासराभर वर आल्ता. बैलांमागं पेरायची पाभर, पाभरीमागं आप्पा, आन आप्पामागं त्याची सून, डोईवर बियाची पाटी घेऊन. मी तितं आदीच हुते. आमच्या खैऱ्याच्या मानंवर जू ठिवून जुवाची खुटी, शिवळ, घालत हुते. जोडीतला दुसरा बैल बादशा, वरल्या वावरातल्या फकरूचाचाचा. तो शेजारी उभा हुता, अजून जुंपायचा हुता.

"छबे, सोड तो बैल," आप्पा म्हनला. "मी पेरून देतो तुमचं."

"तुमचं पेरून झालं?"

"माझं उंद्या-परवा. आदी भावाचं. भाऊ गेला म्हनून त्याचं वावर पडीक पडू द्यायचं व्हय? लोक शेन घालतील माझ्या तोंडात."

बोलनं असं गोड, की ऐकनाऱ्याला वाटावं चुलता असावा तर असा. पन त्याची नजर माझ्याकडं न्हवतीच. ती पार त्या टोकाला, हिरीजवळच्या काळ्या पट्ट्यावर गेल्ती.

सूर्यभानआप्पा माझ्या बापाचा धाकला भाऊ. वाटन्या होऊन वीस वर्सं झाल्ती. आमच्या वाट्याला साडेचार एकर काळी आली आन त्याच्या वाट्याला सात एकर मुरमाड. चिठ्ठ्या टाकून झाल्त्या वाटन्या, तरी त्याच्या मनातून ती काळी कदी गेली न्हाई. आता माझा बाप, नाना, गेला, घरात दोन बाया. एक इधवा, एक नवऱ्यानं टाकलेली. आन जो पेरील त्याचंच नाव तलाठी पीकपान्याला लिव्हतो, हे आप्पाला ठावं हुतं. एकदा का कागदावर कसनाऱ्याचं नाव बदललं की आमी दोघींनी नगरच्या कोरटाच्या पायऱ्या झिजवायच्या आन त्यानं आमच्या हिरीवर बसून दाढी कुरवाळायची.

"आप्पा, बैल मागं घ्या," मी म्हनले. "आमचं आमी पेरनार हाय."

"आमी म्हंजी कोन? फकरू?"

"न्हाई. मी."

आप्पा हसला. मंग सुनंकडं बघून परत हसला. ती बिचारी पदर तोंडाला लावून खाली बघत ऱ्हायली.

त्याचं हसू मला लागलं न्हाई. कारन पाभर मला येत हुती. ती कशी आली ते सांगायचं तर आदी माझा बाप सांगाया पायजे.

माझा बाप पुंजाराम. गावातलं लहान-थोर त्याला नानाच म्हनायचं. उंच, काटकुळा, आन बोलायचा असा हळू की पुढच्याला जवळ सरकावं लागायचं. बापाला तुमी म्हनायची रीत. मी बी घरात तुमीच म्हनायची. पन रानात आमी दोघंच असलो की मी त्याला 'तू' म्हनायची, आन त्याला ते लई आवडायचं. एकदा आई भाकरी घिऊन आली, तिनं ऐकलं. म्हनली, "काय गं, बाप हाय का सोबती?" तर नाना म्हनला, "सोबतीच हाय. तू तुझं कोरड्यास वाढ."

माझं लगीन राहुरीच्या अंगाला झाल्तं. चार वर्सं नांदले, पोर झालं न्हाई. नवऱ्यानं दुसरी केली आन मला गोठ्यात झोपाया सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी गाठोडं काखंला मारलं आन पायी निघाले. घरी पोचले तवा तिसरा प्रहर हुता. नाना दारात सुतळी वळत बसला हुता. माझ्या पायाकडं बघितलं. चपला न्हवत्या. काई इचारलं न्हाई. घरात गेला, भाकर आन ठेचा आनून पुढं ठिवला आन म्हनला, "खा. उंद्या वांग्यात खुरपायचं हाय, तन लई झालंय."

एवढंच. मंग आठ दिसांनी भावकी गोळा झाली, पोरीला परत धाडा म्हनाया. आप्पा सगळ्यांच्या पुढं हुता. नानानं सगळ्यांचं ऐकून घेतलं आन म्हनला, "माझी पोर घरी आली. पाव्हनी न्हाई आली. पाव्हनीला धाडायचं असतंय." आन उठून वैरन टाकाया गेला. भावकी चहा न पिता गेली.

नानाचा जीव एका मानसावर, तो फक्रुद्दीन. आमी त्याला फकरूचाचा म्हनायचो. त्याचं वावर आमच्या वरल्या अंगाला. दोघं बरुबरीचे, दोघांचं बी रान थोडं, आन दोघांनाबी एकेकट्याला बैलजोडी झेपंना. मंग एका शुक्रवारी दोघं मिळून घोडेगावच्या बाजारात गेले आन एकच जोडी आनली. खैऱ्या आमच्या दावनीला, बादशा त्याच्या. एक दिस आमच्या रानात, एक दिस त्याच्या. नऊ वर्सं अशी सावड चालली, पन कुनाचा दिस कुनी खाल्ला असं कदी झालं न्हाई. उलट दोघं भांडायचे ते येगळ्याच गोष्टीवरून. नाना म्हनायचा, "फक्रू, तू बादशाला लई पेंड चारतोस, माझा खैऱ्या बघून रुसतो." चाचा म्हनायचा, "मंग तू बी चार की, कोन धरलंय तुझा हात!"

मंग दुष्काळ पडला. एक साल न्हाई, लागोपाठ तीन. तिसऱ्या साली तर कुसळ उगवलं न्हाई. हीर अशी कोरडी की तळाशी कबुतरं नांदाया लागली. लोकांनी दावनी मोकळ्या केल्या. घोडेगावच्या बाजारात जनावरं मातीमोल गेली. आप्पानं बी त्याची जुनी जोडी घालवली. आता बांधावर उभी हुती ती नवी, सासुरवाडीनं दिलेली. आमाला बी सगळे म्हनायचे, इका. नाना आन चाचानं न्हाई इकली. दोघं बैलगाडी जुंपून बेलापूरकडं जायचे, तिकडं पाटाच्या पान्यावर ऊस हुता, उसाचं वाढं मिळायचं. दोन दिस जायला, दोन दिस यायला. वाटंत निम्मं वाढं बैलच खायचे. तरी चाचाच्या छपराचं पाचट, आमच्या पडवीचं गवत, लिंबाचा पाला, असं करत करत दोन्ही बैल हाडाडले पन जगले.

त्याच सालात नानानं मला पाभर शिकवली.

आता तुमाला ठावं हाय, पेरताना चाड्यावर, म्हंजी बी सोडायच्या वाटीवर, बाई चालती. पाभरीमागनं चालायचं, मुठीनं बी सोडायचं, ते नळ्यांतून फनामागं मातीत पडतं. ते बाईचंच काम. पन रुमन्यावर, पाभरीच्या दांड्यावर, बाई चालत न्हाई. रुमनं दाबून बैल हाकायचे ते गड्यानंच. नानाला म्हनले, "मला शिकव की." तर म्हनला, "चल." बी न्हवतं, पाऊस न्हवता, पेरायचं काईच न्हवतं. म्हनूनच कुनी आडवं आलं न्हाई. त्या फुफाट्यात आमी रिकामी पाभर हाकायचो. लोक म्हनायचे, म्हाताऱ्याला उनानं येड लागलं. नाना माझ्या मागं चालायचा. "हात कडक नको करू. रुमनं रुतवायचं न्हाई, नुसतं सांगायचं त्याला." मी वाकडी गेले की हसायचा. सरळ गेले की काईच बोलायचा न्हाई, आन मला कळायचं.

चैतात तो गेला. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर हुतो आमी सगळे. नाना माती खनायचा, मी पाटी वाहायची. दुपारच्या सुट्टीला तो बाभळीखाली टेकला. मी कामावर वाटलेली सुकडी कालवून नेली तर मान छातीवर पडलेली. मी हाक मारली, "नाना." मंग परत मारली, "ए नाना, उठ की." सगळ्यांदेखत 'तू' म्हनले. चाचा धावत आला. त्यानंच त्याला उचलून गाडीत घातला. खैऱ्या-बादशाचीच गाडी. चाचा पुढं धुरीवर बसून बैल हाकत हुता आन गाव येईस्तोवर मागं वळून बघत न्हवता.

दहाव्याला भावकीनं डोकी भादरली. चाचा लांब झाडाखाली बसला हुता. भावकीचं झालं तसा उठला, न्हाव्यापुढं येऊन बसला आन टोपी काढली. न्हावी आप्पाकडं बघाया लागला. चाचा म्हनला, "त्याच्याकडं काय बघतोस? डोकं माझं हाय. चालव वस्तरा."

त्यानंतर पावसाळा लागला. पाऊस पडला, आन चांगला पडला. पेरनीआदीच्या कुळवाच्या पाळ्या चाचानं घातल्या, न सांगता, न इचारता, नेहमीवानी. त्यावर आप्पानं गावात उठवलं, की पुंजारामचं वावर फकरूनं घशात घातलं. उत्तरा नक्षत्राचा पाऊस उघडला. दोन दिसांनी रान वापशाला, म्हंजी पेरन्याजोगं, येनार, आन वापसा काय आठ दिस थांबत न्हाई. त्या सांजंला आप्पा आमच्या घरी येऊन गेला. मी दळन घिऊन आले तर आई चुलीपुढं बसलेली.

"काय म्हनत हुते आप्पा?"

"पेरून देतो म्हनले. मी व्हय म्हनले."

"आई!"

"मंग काय करू? कोन पेरनार हाय? आपलंच मानूस हाय ते."

"आपलं मानूस पेरील आन तलाठ्याकडं जाऊन सवताचं नाव लावंल. तुला कळतंय का?"

"मला सगळं कळतंय," आई म्हनली. "मला एवढं बी कळतंय की तुझा बाप न्हाई."

मी तशीच उठले आन चाचाच्या घरी गेले. चाचा आन त्याची बायको हाजराबी वसरीवर शेंगा फोडत हुते.

"चाचा, परवा पेरायचं. तुमी पाभर धरा, मी चाड्यावर चालते."

चाचानं शेंग फोडली, दाने हातात घेतले, पन खाल्ले न्हाईत. "छबू, मी रुमन्याला हात लावनार न्हाई."

मला वाटलं, हे बी भेलं. माझं तोंड बघून हाजराबी म्हनली, "अगं पोरी, पुरतं ऐक तरी."

"मी पाळ्या घातल्या तर तुझा चुलता बोंबलत फिरतोय," चाचा म्हनला. "मी पेरलं तर तलाठ्यापुढं जाऊन सांगंल, फकरू कूळ लागला. मंग तुझंबी न्हाई आन पुंजाचंबी न्हाई. मी मेलो तर वर जाऊन त्याला काय तोंड दाखवू? म्हनंल, फक्रू, नऊ वर्सं माझा बैल वापरला आन शेवटाला वावराला घोळ लावलास."

"मंग मी काय करू?"

"तुला येती की. पुंजानं शिकवलीया. लोक हसत हुते, मी बांधावरनं रोज बघत हुतो. बादशाला ने. बैलाचं नाव सातबाऱ्याला लागत न्हाई."

तर अशी मी त्या सकाळी वावरात उभी हुते.

"रुमनं धरशील," आप्पा म्हनला, "पन चाड्यावर कोन? दोन हात हायेत तुला का चार?"

ते मातर खरं हुतं. मी इचार केल्ता की गावातल्या रंगुबाईला बोलवावं, पन ती आदल्या दिशी व्हय म्हनली आन सकाळी दार उघडंना. मी बादशाला जुंपत ऱ्हायले.

चाचा वरल्या बांधावर येऊन बसला हुता. दोन्ही हात काखंत घालून. येनाऱ्या-जानाऱ्यानं बघावं की फकरूचा हात कुठंच लागलेला न्हाई. आन आई, आई कवा आली ते मला कळलंच न्हाई. बांधाच्या कडंला उभी हुती, पदर डोक्यावरनं पुढं ओढून.

आप्पानं तिला बघितलं. "वैनी, सांगा पोरीला. तुमी शबूद दिलाय मला. ह्यो सगळा माझ्या भावाचाच परताप. वर्सभर रिकामी पाभर ओढत पोरीला खेळवत हुता. शेवटाला येडाच झाल्ता म्हातारा. भाकरी मिळंना आन ह्याचं पेरनीचं नाटक."

आई बांधावरनं खाली उतरली. ढेकळातनं चालत आली, माझ्या शेजारी उभी ऱ्हायली आन पदराखालनं गाडगं काढलं. राखंत आन लिंबाच्या पाल्यात घातलेली बियाची ज्वारी. तीन दुष्काळ नानानं त्या गाडग्याला हात लावू दिला न्हवता. आमी अंबाडीचा पाला उकडून खाल्ला, सुकडी खाल्ली, पन ते गाडगं फोडलं न्हाई.

"भाऊजी," आई म्हनली, "येडा मानूस बियाची ज्वारी राखून ठिवत नसतो."

"वैनी, तुमी चाड्याला हात लावू नका. कपाळ उघडं हाय तुमचं. इधवंच्या मुठीनं पेरनी करत्यात का कुठं?"

"चौतीस वर्सं ह्या वावरात मूठ मीच धरली. कपाळावरचं पुसलं, मूठ तीच हाय." मंग माझ्याकडं न बघताच म्हनली, "हाक गं बैल. वापसा चाललाय."

मी रुमन्यावर हात ठिवला. खैऱ्या-बादशानं मान हलवली. मी हाकारलं.

आता खरं सांगते, पहिलं तास, म्हंजी पाभरीची रेघ, लई वाकडं गेलं. ओल्या रानाचा मला सराव न्हवता. फुफाट्यात पाभर तरंगती, काळ्या मातीत ती गिळती. फन रुतला, मी घाबरून उचलला, तर नुसतंच वरवर खरवडलं. वरल्या बांधावरनं चाचाचा जीव वर-खाली व्हाया लागला. "डाव्या अंगाला दाब! डाव्या! अगं डावा हात कंचा तुझा!"

"फकरू, तू गप बस," आप्पा खालनं वरडला.

"हात बांधल्यात, जीभ न्हाई बांधली," चाचा म्हनला, आन हात आनखी काखंत खुपसले.

पाचव्या तासाला रुमनं सांगू लागलं, कुठं दाबायचं आन कुठं सोडायचं. मागं आईची चिमूट एका लयीत सुटत हुती. आप्पानं आपली जोडी फिरवली आन तरातरा गावाकडं गेला. मी वळखलं, आता हा एकटा येनार न्हाई.

आलाच. दहा-बारा गडी घिऊन आला. बांधावर रांगंनं उभे ऱ्हायले. मी पाभर थांबवली न्हाई. म्हनून ते भांडन बी हप्त्याहप्त्यानं झालं. मी बांधापशी आले की ते बोलायचे, मी वळून दुसऱ्या टोकाला जायची, इचार करायची, परत आले की उत्तर द्यायची.

"छबू, हे बरं न्हाई. बाईनं पाभर धरली की पाऊस रुसतो," एक जन म्हनला.

मी वळले. पार हिरीपातूर गेले. परत आले.

"तीन वर्सं पाभर कुनाच्या हातात हुती?" मी म्हनले. "माझ्या का तुमच्या? तुमच्याच हुती ना? मंग का रुसला?"

मी परत वळले. मागनं एकजन फिसकन हसल्याचं ऐकू आलं, आन कुनीतरी त्याला दाबलं.

पुढच्या खेपंला आप्पा म्हनला, "गावाला परत दुष्काळ पडला तर जिम्मा कुनाचा?"

गेले, आले. "माझा. पन ह्या साली पिकलं तर तो बी माझाच. हाय कबूल?"

त्या पुढच्या खेपंला एक म्हातारा काठी टेकत पुढं झाला. "पोरी, तुझ्या बापाचं नाव खराब करू नको."

मला त्या खेपंला वळायचं सुचलं न्हाई. बैल उभे केले. "बाबा," मी म्हनले, "माझ्या बापाचं नाव खराब व्हईल असं तुमाला वाटतं ना, मंग तो जिवंत असताना त्याला जाऊन सांगायचं हुतं. तो तुमच्यासमोर मला शिकवत हुता. तुमी त्याला येडा म्हनून हसत हुता. आता तो उत्तर द्यायला न्हाई म्हनून त्याचं नाव काढता? तो न्हाई, पन मी हाय. मला बोला काय बोलायचं ते."

म्हातारा खाली बघाया लागला. आईनं मागनं माझ्या पाठीला हात लावला. नुसता लावला. मी बैल हाकले.

दुपारपातूर एकेक करून सगळे गेले. सगळ्यांचीच रानं वापशाला आल्ती, दुसऱ्याच्या बांधावर किती येळ उभं ऱ्हानार! दोन दिसांत आमी साडेचार एकर पेरलं. दुसऱ्या दिशी सांजंला हात असे सुजले की मला भाकर मोडता येईना. आईनं घास भरवला. घास घेताना मी रडाया लागले. आई म्हनली, "आता काय झालं? पेरलंस की सगळं."

"नाना न्हाई बघाया."

"व्हय," आई म्हनली. "न्हाई." आन दुसरा घास पुढं केला.

सहाव्या दिशी कोंब आले. मी झुंजुरकाला जाऊन बांधावर उभी ऱ्हायले. पहिली चार तासं अशी नागमोडी, की गावातून बघाया लोक आले. एक जन म्हनला, हिनं ज्वारी पेरली का साप सोडलेत? मला राग यायचा तर हसूच आलं. कारन नाना असता तर हेच म्हनला असता, अगदी हेच. मंग पाचव्यापासनं तासं सरळ झाल्ती. थेट हिरीपातूर. तितं नाना काईच बोलला नसता.

आप्पाचं तोंड मातर बंद हुईना. पारावर, गिरनीत, बाजारात, जितं चार मानसं दिसतील तितं तो सांगायचा, "पुंजारामच्या पोरीनं पाभर धरली हो! मी सवता डोळ्यांनी बघितलं. दोन दिस हाकत हुती, सगळं साडेचार एकर. गावाचं वाटुळं हुनार." घोडेगावच्या बाजारात आमचे राहुरीकडचे पाव्हने भेटले, त्यांना बी त्यानं सांगितलं. माझ्या जुन्या सासरापातूर गेली बातमी.

मी कुनाला काईच बोलले न्हाई. कोळपलं, खुरपलं, राखन केली. ज्वारी खांद्याला लागली, मंग डोक्याच्या वर गेली. पोटरीतनं कनसं निसावली.

पुसात तलाठी भाऊसाहेब पीकपानी लिव्हायला आले. बरुबर कोतवाल भीमा, वही आन छत्री घिऊन. गावातले पाच-सात जन बी मागं हुते, आन सगळ्यांच्या पुढं आप्पा. आई आन मी बांधावर गेलो. वरनं चाचा बी उतरून आला.

"हे कोणाचं?" भाऊसाहेबांनी इचारलं.

"माझ्या भावाचं, पुंजारामचं. वारला तो," आप्पा म्हनला. "पन आता मीच कसतो. लिव्हा, सूर्यभान."

भाऊसाहेबांनी पेन काढलं.

"आमी पेरलंय," मी म्हनले. "मी आन आईनं."

"अहो भाऊसाहेब," आप्पा हसला, "बाया कुठं पेरत असतात का? कुनी बाईनं पाभर धरल्याचं तुमी तरी ऐकलंय? रूढी हाय आपली. मीच पेरून दिलं माझ्या जोडीनं."

भाऊसाहेब चाचाकडं बघाया लागले. चाचानं दोन्ही हात वर केले. "मी काई बोलनार न्हाई. मी बोललो तर म्हनतील ह्याचाच डाव हाय. गावाला इचारा."

जे बांधावर उभे राहून मला थांबवत हुते, तेच सगळे आता एकमेकांकडं बघत हुते. मला वाटलं, संपलं.

तर कोतवाल भीमा छत्री खाली ठिवून डोकं खाजवाया लागला.

"आप्पा, रागावू नका," तो म्हनला. "पन तुमीच तर पारावर सांगितलं ना मला, पोरीनं पाभर धरली म्हनून? सवता डोळ्यांनी बघितली म्हनले. दोन दिस हाकत हुती म्हनले."

आप्पानं भीमाकडं डोळे वटारले.

"मला बी सांगितलं गिरनीत," मागनं एकजन म्हनला.

"आन आमाला तर घिऊनच गेल्ते बघाया," तो काठीवाला म्हातारा म्हनला. त्याचा आवाज बारीक हुता, पन निघाला. "हितंच उभं हुतो आमी. तिनंच पेरलं भाऊसाहेब. म्या तिला वाईटसाईट बोललो बी. तिनंच पेरलं."

भाऊसाहेबांना हसू आवरंना. "सूर्यभानराव, साक्षीदार तर तुम्हीच गावभर तयार केलेत की." आप्पा काईतरी पुटपुटला, वाटंवरचं ढेकूळ लाथंनं उडवलं आन निघून गेला. कुनी थांबवलं न्हाई त्याला.

"बरं बाई, नाव सांगा," भाऊसाहेब म्हनले.

"छबूबाई."

"नवऱ्याचं नाव?"

"पुंजाराम लिव्हा."

पेन थांबलं. "पुंजाराम म्हणजे तुमचे वडील ना? लग्न झालेल्या बाईच्या नावापुढं नवऱ्याचं लावायची पद्धत आहे."

"नवऱ्यानं मला गोठा दाखवला भाऊसाहेब. पाभर बापानं शिकवली. तुमाला कसनाऱ्याचं नाव पायजे ना? मंग ज्याच्यामुळं कसते त्याचंच लिव्हा."

भाऊसाहेब आईकडं बघाया लागले, म्हातारं मानूस समजावून सांगंल म्हनून.

"लिव्हा ती म्हनती ते," आई म्हनली.

त्यांनी लिव्हलं. मला वाचता येत न्हवतं. मी म्हनले, "वाचून दाखवा." त्यांनी वाचलं. मी म्हनले, "मोठ्यानं वाचा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

भाऊसाहेबांनी वही वर धरली आन साळंतल्या मास्तरावानी आवाज लावला. "छबूबाई पुंजाराम. ज्वारी, साडेचार एकर. कसणार खुद्द."

फकरूचाचानं टोपी काढून तोंड पुसलं, लई येळ पुसत ऱ्हायला. तेवढ्यात चिमन्यांचा एक थवा आला आन भरल्या कनसांवर उतरला. मी गोफनीत गोटा घातला आन राखनीच्या माळ्यावर चढले.